पाडव्याचे द्यूत आणि दुकानातील सोडत

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण दिवाळीचा पाडवा म्हणतो. साडेतीन मुहूर्तांपैकी हा अर्धा मुहूर्त. या दिवशी बळीराजाचे पूजन होते, सुवासिनी पतीला ओवाळतात आणि व्यापारी आपल्या नव्या वहीवर 'श्री' घालून वर्षाच्या व्यवहारास आरंभ करतो. परंतु या तिथीस आणखी एक नाव आहे व ते आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. ते नाव म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शिव आणि पार्वती द्यूत खेळले, देवी जिंकली व महादेव हरले, अशी पुराणकथा आहे. तिच्या आधारे निबंधकारांनी या दिवशी प्रातःकाळी घरोघर फासे टाकावेत, जो जिंकेल त्याचे वर्ष आनंदात जाईल, असे सांगून ठेविले आहे.

एकाच दिवशी वहीचे पूजन आणि फाशांचा खेळ! परंपरेने ही दोन्ही एका तिथीवर आणून ठेविली, परंतु एका पाटावर कधी बसविली नाहीत. घरातला खेळ हा शकुन पाहण्यापुरता, एका सकाळीपुरता. आणि दुकानातील वही ही वर्षभराच्या सचोटीची. हा विवेक आपल्या पूर्वजांना होता. तो आज आपल्याजवळ कितपत उरला आहे, याचा विचार या मंगल प्रसंगी करावा, असे आम्हांस वाटते.

हा विषय काढण्याचे कारण असे की, नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या आमच्या मावळच्या बाजारपेठांतून फिरताना जागोजाग कापडी फलक दिसतात. 'भाग्यवान ग्राहक योजना', 'बंपर लकी ड्रॉ', 'एक हजाराची खरेदी करा व दुचाकी जिंका.' काचेच्या बरणीत रंगीत चिठ्ठ्या भरलेल्या असतात. लहान मुले त्या बरणीकडे देव्हाऱ्याकडे पाहावे तशी पाहत उभी राहतात. कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेण्यास आलेली मंडळी आम्हांला तीन प्रश्न वारंवार विचारतात. ही सोडत म्हणजे जुगार काय? ती कायद्याला धरून आहे काय? आणि देवळाच्या उत्सवमंडळाने अशी सोडत काढावी काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही आमच्या अल्प मतीप्रमाणे येथे देत आहोत.

प्रथमच सांगतो की, आम्ही व्यापाऱ्याचे वैरी नव्हेत. बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली; तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशाच्या आधारावर लोणावळ्याची पेठ वाढली आणि आमच्या गूळशेंगदाण्याची चिक्की देशभर पोहोचली. पुढे २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि पेठेतून जाणारी पुष्कळशी वाहने गावाबाहेरून धावू लागली. पुण्याच्या मोठ्या मॉलची ओढ आहेच. आणि आता तर मोबाईलवर बोट ठेवताच माल दारात येतो. अशा स्थितीत पन्नास वर्षे जुन्या दुकानाच्या धन्याने गिऱ्हाईक टिकविण्यासाठी एखादी युक्ती योजली, तर त्यात त्याचा दोष नाही. प्रश्न युक्तीचा नाही. ती युक्ती कोणत्या जातीची आहे, याचा आहे.

द्यूत कशाला म्हणावे?

आपल्या धर्मशास्त्राने द्यूताचा विचार फार बारकाईने केला आहे. निर्जीव वस्तूंनी, म्हणजे फासे, कवड्या इत्यादिकांनी जे खेळतात ते द्यूत. आणि कोंबडे, मेंढे अशा सजीव प्राण्यांच्या झुंजीवर जे खेळतात तो समाह्वय, असा भेद मनूने केला आहे. दोन्ही राजाने आपल्या राष्ट्रातून हद्दपार करावीत आणि शहाण्याने करमणुकीखातरदेखील द्यूत खेळू नये, असे त्याचे स्पष्ट मत आहे. कौटिल्य मात्र व्यवहारी. त्याने द्यूतासाठी अध्यक्ष नेमला, खेळ एकाच नियत स्थळी चालावा असे सांगितले आणि जिंकलेल्या धनातील शेकडा पाच भाग राजकोशात आणला.

याज्ञवल्क्याचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे व आजच्या प्रश्नास तोच अधिक उपयोगी आहे. द्यूतगृह चालविणाऱ्यास तो 'सभिक' म्हणतो. सभिकाने आपला ठरलेला भाग घ्यावा, राजाचा भाग राजाला द्यावा, हरणाऱ्याकडून वसूल झालेले धन जिंकणाऱ्याच्या हाती पोहोचवावे, सत्य बोलावे आणि क्षमाशील असावे, अशी कर्तव्ये त्याने सांगितली आहेत. खेळ उघड्यावर, सर्वांच्या देखत झाला असेल तरच राजाने जिंकलेले धन मिळवून द्यावे; चोरून झाला असेल तर नाही.

या सर्व विवेचनाचा कणा एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'पण', ज्यास 'ग्लह' असेही म्हणतात. पण म्हणजे डावावर लावलेले धन. जेथे पण नाही तेथे द्यूत नाही. शकुनीच्या सभेत युधिष्ठिराने काय गमावले? रत्ने, रथ, राज्य, भाऊ, स्वतःस आणि अखेर द्रौपदीस. हे सारे त्याने पणाला लावले होते म्हणून गेले. उलट एखादा यजमान आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांपैकी एकास चिठ्ठी टाकून नारळ देतो, तेथे कोणी काही लावलेले नसते; तेथे फार तर दान आहे, द्यूत नाही.

दैव आणि कौशल्य हा दुसरा भेदही आमच्या ग्रंथांना ठाऊक आहे. वनपर्वात बृहदश्व मुनी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. पुष्कराशी फासे खेळून सर्वस्व गमावलेला नल पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे ऋतुपर्ण क्षणात मोजून दाखवितो, ती विद्या नल त्याच्याकडून शिकतो आणि मगच गेलेले राज्य परत मिळवितो. बेहडा हा आमच्या सह्याद्रीतला झाड. त्याच्याच फळांचे फासे प्राचीन काळी होत असत. आधी नल हरला तो दैवाच्या भरवशावर, आणि नंतर जिंकला तो विद्येच्या बळावर. चिठ्ठी निघणे आणि स्पर्धा जिंकणे यांत जे अंतर आहे, ते हेच.

सर्वोच्च न्यायालयात ऋग्वेद

आजच्या कायद्यानेही जवळजवळ हाच विवेक केला आहे, हे पाहून आम्हांस समाधान वाटते. स्वातंत्र्यानंतरच्या दिवसांत वर्तमानपत्री बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे वेड पसरले होते. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील 'आर. एम. डी. सी.' शब्दकोड्यांवर तत्कालीन मुंबई राज्याने कर बसविला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनी निकाल दिला. त्या निकालपत्रात ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्ताचा, महाभारताचा, मनूचा, याज्ञवल्क्याचा आणि कौटिल्याचा उल्लेख आहे. ज्यास घर पारखे झाले, पत्नी दुरावली, त्या जुगाऱ्याला फासे सोडून शेती करण्याचा उपदेश करणारे ते सूक्त. आणि त्याच्या आधाराने न्यायालय सांगते की, जुगार हा 'व्यापार' या शब्दाच्या अर्थात बसतच नाही, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे घटनेने दिलेले संरक्षण त्यास मिळत नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या निकालात १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याचा अर्थ लावण्यात आला. तो कायदा दैवावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिचा प्रकार निराळा, असे न्यायालयाने म्हटले. या कायद्याखाली येणाऱ्या स्पर्धेत एका महिन्यात एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देता येत नाहीत आणि दोन हजारांहून अधिक प्रवेशिका घेता येत नाहीत. शिवाय परवाना लागतो, तो वेगळाच.

आजचा कायदा काय म्हणतो?

आम्ही वकील नव्हे. तथापि ज्यास शास्त्र वाचण्याची सवय आहे, त्याने राजाचे शासनही वाचावे, म्हणून जाणकारांकडून समजून घेऊन चार गोष्टी नमूद करतो.

पहिली गोष्ट. शासनाची किंवा शासनमान्य लॉटरी सोडून अन्य लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा चालविणे हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंडसंहितेच्या कलम २९४ अ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि अशा लॉटरीची जाहिरात करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बक्षीस, दैव आणि त्यासाठी मोजलेले मोल ही तीन अंगे एकत्र आली की ती लॉटरी होते. यांतील मोल म्हणजेच आमच्या शास्त्रातील पण.

दुसरी गोष्ट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणत्या, याची यादी आहे. मालाचा खप वाढविण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी किंवा दैवाचा अथवा कौशल्याचा खेळ यांचा त्या यादीत समावेश आहे. नियमांनी वगळलेले प्रकार तेवढे अपवाद. जे बक्षीस देण्याचा हेतूच नाही ते देऊ करणे, किमतीतच ज्याचा खर्च धरलेला आहे ते फुकट असल्याचे भासविणे आणि योजना संपल्यावर तिचा निकाल सहभागी लोकांपासून लपविणे, हेही त्याच यादीत आहे. येथे याज्ञवल्क्याचा सभिक आठवावा. त्याने सत्य बोलावे, हेच तर कायदा सांगतो.

तिसरी गोष्ट. बक्षीस दहा हजार रुपयांहून अधिक असेल तर देणाऱ्याने तीस टक्के प्राप्तिकर कापून सरकारात भरावयाचा असतो. बक्षीस वस्तुरूप असेल तर कर भरला गेल्याची खात्री झाल्यावाचून ती वस्तू हवाली करता येत नाही. ज्याची दुचाकी निघाली त्यास आनंदाच्या भरात हे कोणी सांगत नाही आणि मग दुचाकी दुकानातच उभी राहते. राजाचा भाग आधी, हा जुनाच नियम आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हप्त्यांच्या सोडतीची आहे. तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे.

हप्त्यांची सोडत

गावोगाव चालणारा प्रकार असा. समजा, दोनशे सभासद केले. प्रत्येकाने दरमहा पाचशे रुपये असे वीस महिने भरावयाचे. दरमहा एक चिठ्ठी काढावयाची. ज्याचे नाव निघेल त्यास दहा हजारांची वस्तू मिळणार आणि पुढील हप्ते माफ होणार. वीस महिन्यांनंतर उरलेल्या एकशेऐंशी जणांना त्यांच्या दहा हजारांत दुकानातील माल घ्यावयाचा.

आता हिशेब मांडून पाहा. वीस भाग्यवंतांनी मिळून भरले एक लाख पाच हजार. उरलेल्या एकशेऐंशींनी भरले अठरा लाख. त्यांतून वीस वस्तूंचे दोन लाख वजा केले तर वीस महिन्यांच्या अखेरीस दुकानदाराच्या हाती सतरा लाख पाच हजार रुपये राहतात, तेही बिनव्याजी आणि बिनतारण. आणि देणे राहते ते अठरा लाखांच्या मालाचे, जे तो ठरवील त्या भावाने. सभासदाच्या हाती काय? टिचक्या मारलेले एक पिवळे कार्ड.

असा व्यवहार १९७८ च्या केंद्रीय कायद्याने पूर्णपणे बंद केलेला आहे. एकरकमी किंवा हप्त्याने पैसे गोळा करून त्यांतून चिठ्ठी टाकून बक्षिसे वाटणे, मग बक्षीस मिळणाऱ्याने पुढचे हप्ते भरावयाचे असोत वा नसोत, यास तो कायदा 'प्राइझ चिट' म्हणतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगतो. नोंदणीकृत चिटफंडाची गोष्ट निराळी. त्यास १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे, तेथे प्रत्येक सभासदास आपापल्या पाळीने रक्कम मिळते आणि त्यावर निबंधकाची देखरेख असते.

काही वर्षांपूर्वी नाणे मावळातील एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध बाई आमच्याजवळ आली. तिने पदराच्या गाठीतून असेच एक कार्ड काढले. त्यावर अठरा हप्त्यांच्या खुणा होत्या. मोलमजुरीतून साठविलेला तो पैसा होता; नातीच्या लग्नात भांडी द्यावीत, एवढीच तिची आशा. दुकान मात्र बंद झाले होते व धनी गाव सोडून गेला होता. तिने पैशाविषयी एक अक्षर विचारले नाही. तिने विचारले, "बुवा, अठरा चिठ्ठ्यांत माझं नाव एकदाबी निघालं न्हाई. माझ्या पुण्याईत काय कमी पडलं?"

वाचकहो, या प्रश्नाने आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. पैसा बुडाल्याचे दुःख एक वेळ भरून निघते. परंतु दुसऱ्याने केलेल्या लबाडीचा दोष आपल्या प्रारब्धाला देऊन एक सालस जीव देवापुढे ओशाळा होऊन उभा राहतो, ही हानी कोणत्या कोर्टात भरून निघणार? आम्ही तिला म्हणालो, "माउली, यात तुमचे प्रारब्ध नाही, यात दुसऱ्याचा अपराध आहे. देवाने तुमचे नाव टाळलेले नाही. त्या बरणीत देवाचा हात नव्हताच." आणि तिला तक्रारीची वाट दाखविली. लकी ड्रॉ या नावातच सारी मेख आहे. ज्याचे नाव निघाले तो पुण्यवान, ज्याचे निघाले नाही तो अभागी, अशी शिकवण हा खेळ नकळत देत असतो. आमच्या धर्माची शिकवण ही नव्हे.

फुकट म्हणजे किती?

केवळ खरेदीवर कूपन देणाऱ्या सोडतीचाही हिशेब प्रत्येक गृहिणीने करून पाहावा. समजा, हजाराच्या खरेदीमागे एक कूपन, अशी दोन हजार कूपने वाटली आणि एकूण एक लाखाची बक्षिसे ठेविली. म्हणजे प्रत्येक कूपनाचे खरे मोल पन्नास रुपये झाले. एक कूपन अधिक मिळावे म्हणून नको असलेली हजाराची वस्तू घरात आणणे, हा पन्नास रुपयांसाठी हजार रुपये मोडण्याचा व्यवहार आहे. एकच दुचाकी ठेविली असेल तर ती मिळण्याची शक्यता दोन हजारांत एक. त्याऐवजी दुकानदाराने प्रत्येक हजारामागे सरळ पन्नास रुपये सूट दिली असती, तर त्याचा खर्च तेवढाच झाला असता आणि दोन हजार घरांत थोडीथोडी दिवाळी पोहोचली असती.

यावर कोणी म्हणेल, सरकार स्वतः काय करते? महाराष्ट्र शासनाची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. २०१६ च्या नोटाबंदीनंतर केंद्र सरकारनेही रोकडरहित व्यवहार वाढावेत म्हणून ग्राहकांसाठी सोडती काढल्या. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपूर येथे तिची मोठी बक्षिसे जाहीर झाली आणि एक कोटीचे पहिले बक्षीस महाराष्ट्रातच आले. मग आमच्या किराणा दुकानदारालाच उपदेश का? आक्षेप रास्त आहे. शासकीय लॉटरीविषयी आमचे मत विशेष अनुकूल नाही, हे आम्ही लपवीत नाही. तथापि दोन भेद ध्यानात घ्यावेत. राजाच्या सोडतीमागे राजाचा कोश आणि कायदा उभा असतो. गल्लीतील सोडतीमागे एक पत्र्याचा फलक असतो. आणि २०१७ च्या त्या योजनेत ग्राहकाने आपली नेहमीची खरेदी वेगळ्या मार्गाने केली एवढेच. चिठ्ठीसाठी त्याने निराळा पैसा मोजला नव्हता, म्हणजे पण लावला नव्हता.

देवाच्या अंगणात

आता तिसरा प्रश्न, जो आम्हांस सर्वांत अधिक बोचतो. पुष्कळ ठिकाणी जत्रा, सप्ताह, जीर्णोद्धार यांसाठी पैसा उभा करावयाचा म्हणून मंडळे शंभर किंवा दोनशे रुपयांची बक्षीस कूपने विकतात. कूपनावर देवाचे चित्र असते, आणि सोडत सभामंडपात, कधी कधी कीर्तनाच्याच व्यासपीठावर निघते. आम्हांलाही लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढविण्याची विनंती झालेली आहे, आणि आम्ही ती नम्रपणे नाकारलेली आहे.

येथे कायदा तर आडवा येतोच, कारण पैसे देऊन घेतलेले कूपन, दैवाने ठरणारे बक्षीस आणि शासनाची परवानगी नाही, ही उघड लॉटरीच झाली. परंतु कायद्याहूनही मोठा विचार असा की, देवाला दिलेला पैसा हा त्याग असतो. देवळाच्या पेटीत टाकलेल्या एका रुपयात परतफेडीची इच्छा नसते, म्हणून तो पवित्र. त्याच रुपयाला दुचाकीची आशा चिकटविली की तो पण होतो. दान आणि पण यांत रकमेचा फरक नाही, हेतूचा आहे. जो मनुष्य शंभर रुपये देवाला सुखाने देईल त्यास दुचाकीची लालूच दाखवून आपण त्याचे दान हिरावून घेतो. शिवाय उद्या सोडतीत संशय उत्पन्न झाला, तर लोक मंडळाच्या कार्यवाहांस नावे ठेवून थांबत नाहीत. ती अश्रद्धा गाभाऱ्यापर्यंत जाते. म्हणून मावळातील सर्व देवस्थानांना व उत्सवमंडळांना आमची हात जोडून विनंती आहे की, देवाच्या नावाने विकत घ्यावयाची कूपने या वर्षापासून बंद करावीत. वर्गणी मागावी, पावती द्यावी, हिशेब भिंतीवर लावावा. मावळची माणसे देण्यात कधी मागे राहिलेली नाहीत.

मग दुकानदाराने काय करावे?

केवळ निषेध करून भागत नाही. मार्गही दाखवावा लागतो. आमच्या दृष्टीने निर्मळ मार्ग तीन.

पहिला, सर्वांना सारखी भेट. पाडव्याला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पणती, एक उटण्याची पुडी, चिक्कीचा एक तुकडा. किंमत वाढवून नव्हे, आपल्या नफ्यातून. यात दैव नाही, कोणी अभागी ठरत नाही.

दुसरा, उघड सूट. भाव फलकावर लिहावा आणि तो खरा असावा. आधी भाव चढवून मग सूट दाखविणे ही सोडतीहून वाईट लबाडी.

तिसरा, कौशल्याचा उत्सव. दिवाळीत आमची मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. ज्या मावळात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची उभे आहेत, त्यांतील लोहगड तर २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेथे सर्व पेठेने मिळून किल्ल्यांची स्पर्धा भरवावी. रांगोळीची भरवावी, पाठांतराची भरवावी. मात्र कौशल्याच्या स्पर्धेलाही ग्राहक कायद्याच्या यादीने वगळलेले नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. म्हणून ती एकट्या दुकानाच्या खपासाठी नसावी. खरेदीची अट नको, प्रवेशशुल्क नको, कूपन नको. नियम आधी लिहून लावावेत, परीक्षक बाहेरचे असावेत, दुकानदारांच्या घरची मुले स्पर्धेबाहेर ठेवावीत, निकाल ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष सांगावा आणि फलकावर लावावा. आरंभ करण्यापूर्वी एखाद्या वकिलास तासभर विचारावे. तो खर्च पुढील पश्चात्तापाहून स्वस्त पडेल. किल्ला पाहण्यास आलेली माणसे पेठेतूनच घरी जातील. त्यांनी दुकानात पाऊल टाकावे की नाही, हे मग मालाच्या गुणावर सोडावे.

ग्राहकांसही दोन शब्द. ज्या योजनेत आधी पैसे भरावे लागतात आणि मग चिठ्ठी निघते, तिच्या वाटेस जाऊ नये. पावती नसेल तेथे हप्ता देऊ नये. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करण्यास शुल्क पडत नाही. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे सोशिकपणा नव्हे. त्यामुळे पुढच्या गरिबाचा खड्डा मात्र मोकळा राहतो.

आमच्या या इंद्रायणीच्या काठी एक वाण्याचे दुकान होते. दुष्काळात ते बुडाले. धनी सावकारीचीही खते बाळगून होता. परंपरा सांगते की, वडिलोपार्जित खतांतील भावाचा वाटा त्याने भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते याच नदीत बुडविली. ज्या कुळांकडे पैसे येणे होते ती त्या दिवशी मोकळी झाली. देहूच्या त्या वाण्याला पुढे सारा महाराष्ट्र संत म्हणून ओळखू लागला. आणि ज्या भंडाऱ्याच्या डोंगरावर त्याने चिंतन केले, तो आमच्या मावळातच उभा आहे. प्रत्येक व्यापाऱ्याने आपली खते बुडवावीत, असे आमचे म्हणणे नाही. प्रपंच सर्वांनाच करावयाचा आहे. एवढेच म्हणणे आहे की, तुकोबांच्या परिसरातील पेठेत गरिबाच्या आशेवर कोणी डाव मांडू नये.

पाडव्याच्या सकाळी घरात सारीपाट मांडा, नातवंडांशी कवड्या खेळा, हरा आणि जिंका. त्यात काही बिघडत नाही. नंतर दुकानात जाऊन वहीवर 'श्री' घाला. त्या वहीतील प्रत्येक ओळ गिऱ्हाइकास वाचून दाखविता येईल अशी असो, म्हणजे लक्ष्मीस चिठ्ठीने बोलावण्याची गरज पडणार नाही. सर्व वाचकांना, व्यापारी बंधूंना आणि त्यांच्या कुटुंबीयांना हे वर्ष सुखाचे, सचोटीचे आणि बरकतीचे जावो, ही श्रीचरणी प्रार्थना.